तळहातावर दोनदा

नांदेड
१२ जानेवारी २०२५

ती. आबांस,
समीक्षाचा सप्रेम जय भीम.

आधी हे पत्र वाचा, मग खोका उघडा. तुम्ही नेमकं उलटं करणार हे मला माहीत आहे, म्हणून पाकीट खोक्याच्या तोंडावरच चिकटवलं आहे.

आत काठी आहे. वरून साधी दिसते, पण तिची मूठ आम्ही तिघी मैत्रिणींनी चार महिने खपून बनवली आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला काहीतरी स्वतः बनवून दाखवावं लागतं, आणि मला तुमच्या पायांशिवाय दुसरं काही सुचेचना. मुठीत तोल ओळखणारं यंत्र आहे. चालताना पाऊल अडखळलं किंवा काठीवर एकदम भार आला, की मूठ हातात थरथरते. खिशात मोबाईल थरथरतो ना, तशी. मग तुम्ही थांबायचं, पाय नीट टेकायचे आणि मगच पुढं जायचं. अशा काही काठ्या शिट्टी वाजवतात. पण त्र्याण्णवच्या भूकंपात तुमचे कान गेले, म्हणून तुमची काठी कानाशी न बोलता हाताशी बोलते. आजी असती तर तिनंच तुमच्या तळहातावर दोनदा बोट टेकवून "जरा दमानं" असं खुणावलं असतं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता ते काम काठीकडं.

आणखी एक. काठी आडवी झाली तर मूठ थरथरत राहते, आणि दहा सेकंद तशीच पडून राहिली तर माझ्या मोबाईलवर निरोप येतो. म्हणून तिला कुठंही टाकून देऊ नका. रोज झोपताना चार्जिंगला लावा.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात तुम्ही विहाराच्या पायऱ्यांवर पडलात, तेव्हापासून पप्पांनी एकच धरून ठेवलंय, बाबांना किल्लारीत एकटं ठेवायचं नाही, नांदेडला आणायचं, कायमचं. मी मध्ये पडले आणि चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर तुम्ही एकदाही पडला नाहीत तर पप्पा हा विषय काढणार नाहीत. पडलात तर ते बॅग घेऊन येतील. मी शब्द दिलाय, तेव्हा माझी इज्जत आता तुमच्या पायांत आहे.

फोन करत नाही. तुम्ही नुसतं "हाव, हाव" म्हणता आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर देता.

तुमची,
समीक्षा

•

किल्लारी
१९ जानेवारी

चि. समीक्षास जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

पार्सल गुरुवारी मिळालं. खोका आधी उघडला, पत्र मग वाचलं. नवा पोस्टमन गुणी आहे, पण खोका डोक्यावर उलटा धरून आला. मी पस्तीस वर्षं टपाल वाटलं, खोक्यावरचा बाण कधी खाली होऊ दिला नाही. तू पत्र लिहितेस हे बरं करतेस. पाकीट उघडताना मला अजून नोकरीत असल्यासारखं वाटतं.

काठी देखणी आहे. शेजारच्या शेषेरावानं ती हातात धरून अंगणात दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "व्यंकटी, ही काठी तुझ्याहून शहाणी हाय, तिला इचारून चालत जा." तो शेतकरी माणूस, नांगराच्या मुठीखेरीज दुसऱ्या मुठीवर त्याचा विश्वास नाही. पण त्यालाही आवडली. पहिल्या दिवशी विहाराकडे जाताना ती थरथरली. मी थांबलो. काम चोख करते.

तू माझ्यासाठी भांडलीस म्हणून बरं वाटलं. आनंदराजवर रागावू नको, त्याचा जीव आहे माझ्यावर. पण नांदेडचं खरं सांगू का? मागच्या दिवाळीत आलो तेव्हा तुम्ही सगळे किती चांगले वागलात. तरी तिसऱ्या मजल्यावर सोफ्यावर बसून मी दिवसभर तुमची तोंडं बघत होतो. तुम्ही हसलात की मी पण हसायचो, कशाला ते न कळता. इथं व्यंकटी बहिरा आहे हे अख्ख्या गल्लीला पाठ आहे. माणसं समोर येऊन, हातवारे करून बोलतात. शेषेरावाची चतुराबाई दारातून भाकर थापल्याची खूण करून "जेवलाव का?" विचारते. सकाळी साडेसहाला विहाराचं कुलूप मी काढतो, झाडतो, मेणबत्ती लावतो, अभ्यासाला येणाऱ्या पोरींना खुर्च्या मांडून देतो. चावी माझ्या करगोट्याला असते. ती काढून ठेवली तर मी उठायचं कशासाठी, हे मला अजून सुचलेलं नाही.

तेव्हा मी पडणार नाही. काळजी करू नको. जेवत जा.

तुझा,
आबा

•

नांदेड
२ फेब्रुवारी

ती. आबा, जय भीम.

तुमच्या चालण्याची सगळी नोंद मला इथं दिसते. गेल्या दोन आठवड्यांत काठी अकरा वेळा थरथरली, आणि अकराही वेळा तुम्ही पाच-सहा मिनिटं जागचे हललाच नाहीत! आबा, थांबा म्हणजे दोन श्वास घ्या आणि निघा. तुम्ही तर काठीनं शिक्षा केल्यासारखे उभे राहता. आमच्या उज्वला मॅडम म्हणाल्या, "इतकं आज्ञाधारक माणूस मी पाहिलं नाही." मी त्यांना सांगितलं, माझी आजी असती तर हे ऐकून पोट धरून हसली असती.

पण मला खरंच आनंद झालाय. पप्पांना मी रोज जेवताना तुमची पावलं सांगते. ते ऐकल्यासारखं दाखवत नाहीत, पण मी विसरले की "आज किती?" म्हणून विचारतात.

समीक्षा

•

किल्लारी
१० फेब्रुवारी

चि. समीक्षास आशीर्वाद.

शनिवारी तुझ्या मोबाईलवर निरोप आला असेल. घाबरू नको. काठी पडली. हे पत्र मिळेपर्यंत तू काय काय मनात आणशील म्हणून शेषेरावाच्या फोनवरून "मी ठीक" एवढं कळवायला लावलं होतं. आता सविस्तर सांगतो, म्हणजे तुझी करमणूक होईल.

शेषेरावाकडे चहाला गेलो होतो. त्याच्या घरात भांड्यांच्या मांडणीच्या कडेला एक रिकामी बाटली असते आणि बाटलीवर उपडा पेला. भूकंपानंतर नव्या गावात घरं मिळाली, त्या दिवसापासून चतुराबाईनं तो तसा ठेवलाय. जमीन जरा जरी हलली तरी पेला आधी खाली येतो आणि ती सगळ्यांना बाहेर काढते. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण आमच्या गल्लीत अशा चार-पाच बाटल्या आहेत.

मी काठी त्या मांडणीला टेकवली आणि बशीत चहा ओतला. काठी घसरून खालच्या फळीवर आडवी झाली. तिला वाटलं, म्हातारा पडला. ती थरथरत सुटली. मांडणीवरच्या ताटल्या वाजायला लागल्या, पेला खाली आला, आणि चतुराबाई ओरडली, "हालतंय! भायेर व्हा!" मला ऐकू आलं नाही, पण तिचं तोंड दिसलं. एका मिनिटात अख्खी गल्ली रस्त्यावर. शेषेराव बनियनवर, पलीकडची गुरम्मा पिठाच्या हातानं, एकजण तर अर्ध्या दाढीनं. सगळे जमिनीकडे बघत उभे. जमीन आपली गप्प. शेवटी शेषेराव धीर करून आत गेला आणि काठी घेऊन बाहेर आला. ती त्याच्या हातात अजून थरथरत होती. "अरे, भूकंप न्हाई," तो म्हणाला, "व्यंकटीच्या काठीला हिव भरलंय!" मग जे हसले सगळे! चतुराबाई मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आनंदराजला सांग, काठीच पडली.

अक्षर वाकडं आलंय. नवीन पेन नीट चालत नाही.

आबा

•

नांदेड
१८ फेब्रुवारी

ती. आबा,

तुमचं पत्र मी हॉस्टेलवरच्या मैत्रिणींना वाचून दाखवलं. अर्ध्या दाढीवाले कोण ते कळवा, त्यांना आमच्याकडून साबण पाठवतो.

निरोप आला त्या दिवशी पप्पा ऑफिसातून तसेच उठून बसस्टँडकडे निघाले होते. शेषेराव आजोबांचा फोन आला म्हणून मी त्यांना अडवलं. तुमचं पत्र आल्यावर ठासून सांगितलं, "काठीच पडली, आबा नाहीत." काठीला स्वतःचं पडणं आणि माणसाचं पडणं यांतला फरक कळत नाही, ही तिची खोड आहे. पण मला तुमचा शब्द पुरतो.

आणि आता गंमत ऐका. त्या दिवसानंतर काठी एकदाही थरथरलेली नाही! तुमची चाल अगदी एकसारखी झाली आहे, कुठं अडखळणं नाही, भार नाही. उज्वला मॅडमनी तुमचा आलेख फळ्यावर काढून सगळ्या वर्गाला दाखवला. एका महिन्यात इतका फरक पडेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. मला इतकं छान वाटलं, आबा, की त्या दिवशी मी घरी जिलेबी नेली.

पेन बदला.

समीक्षा

•

किल्लारी
२४ फेब्रुवारी

चि. समीक्षास शेषेराव आज्याचा आशीर्वाद. राम राम.

पोरी, मी कधी कुणाला पत्र लिहीत न्हाई. व्यंकटीला सांगू नको, तो माझं नाव टाकील. पण आता गप बसवत न्हाई.

त्या दिवशी काठी पडली हे खरं. पण तुझा आबाबी पडला. माझ्याच उंबऱ्यावरून. सगळे पळाले तसा तो काठी सोडून पळाला, आणि पायरी चुकली. उजवं मनगट मोडलं. मी जीप करून औशाला नेलं, प्लास्टर घालून आणलं. तुला पत्र लिहिलं ते डाव्या हातानं. पेन-बिन कायबी नवीन न्हाई.

दुसरं. तो तुझी काठी टेकवून चालतच न्हाई. छत्रीवानी कोपरावर अडकवून चालतो. मुठीला तुझ्या आजीच्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलाय, हाताला कळू नये म्हणून. परवा विहाराच्या पायरीवर पुन्हा झोकांडी गेली. मी मागं होतो, कमरेला धरला. मी नसतो तर काय झालं असतं?

तो तुला सांगणार न्हाई. तू लई मेहनत केलीस म्हणतो. पण त्याला ती थरथर सोसत न्हाई, पोरी. माझ्या हातात काठी थरथरली तेव्हा मी सगळ्यांना हसवलं, पण त्या रात्री मी घरात झोपलो न्हाई, अंगणात खाट टाकली. तुला ते कळायचं न्हाई. तू तेव्हा जन्मली नव्हतीस.

त्याला नांदेडला नेऊ नका. तो गेला तर मी कुणासंग भांडू? पण पडून पडून मरायला लावू बी नका. तू शिकलेली हायस, काहीतरी कर.

शेषेराव

•

नांदेड
१ मार्च

आबा,

मला सगळं कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नका.

मी तुमच्यासाठी पप्पांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले, आणि मला ते खोटं आहे हेही माहीत नव्हतं. मी जिलेबी वाटत होते आणि तुमच्या हाताला प्लास्टर होतं. मला इतका राग आला की दोन दिवस जेवण गेलं नाही. काठी आवडली नव्हती तर एका ओळीनं सांगायचं. मी काय परकी आहे?

पप्पांना काल खरं सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "त्र्याण्णवला मी नांदेडला कॉलेजात होतो. भूकंपाचं कळल्यावर किल्लारीला पोचायला मला दीड दिवस लागला. पोचलो तर गावच नव्हतं. कुठल्या ढिगाऱ्याखाली आपलं घर आहे ते मला ओळखता येईना. आईबाबांना दुसऱ्यांनी बाहेर काढलं होतं. मला परत उशिरा पोचायचं नाही, समीक्षा." पप्पा रडताना मी पहिल्यांदा पाहिले.

मार्चअखेरचं ऑफिसचं काम संपलं की सहा एप्रिलला रविवारी ते तुम्हाला न्यायला येणार आहेत. या वेळी मी मध्ये पडले नाही.

समीक्षा

•

किल्लारी
९ मार्च

चि. समीक्षास,

हे पत्र डाव्या हातानं लिहिलं आहे. आता लपवायचं काही राहिलं नाही.

कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. पाकीट न उघडता पत्र कुणाचं ते ओळखणं हाच माझा धंदा होता, आणि शेषेरावानं पाकिटावर टिकट उलटं लावलं असणार.

तू रागावलीस ते योग्य आहे. मी तुझ्याशी खोटं बोललो. तुझ्या मॅडमनी फळ्यावर काढला तो आलेख माझ्या पायांचा नव्हता, माझ्या कोपराचा होता. तो त्यांना पुसायला सांग. माझ्यामुळे तुझी वर्गात फजिती व्हायची, याचं मला पडण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

का बोललो नाही, ते सांगतो. पहिल्या दिवशी काठी हातात थरथरली तेव्हा मी विहाराच्या वाटेवर होतो. थरथर तळहातातून कोपरात चढली, आणि मला वाटलं, आलं. जमिनीचंही असंच सुरू झालं होतं, आधी अंगातच काहीतरी वाजल्यासारखं. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि आजूबाजूला भिंत कुठं आहे ते बघत होतो. तू म्हणालीस, पाच-सहा मिनिटं हलत नाही. मी काठीचं ऐकत नव्हतो, बाळ. मी घरं पडायची वाट बघत होतो. कळत होतं की हे यंत्र आहे, माझ्या नातीनं केलेलं आहे. डोक्याला कळत होतं, हाताला कळत नव्हतं.

ते तुला कसं लिहू? तू माझे कान गेलेत हे ध्यानात ठेवून, शिट्टी टाळून, माझ्यासाठी वेगळं केलंस. आणि मला तेच सोसलं नाही. तुझं मन मोडू नये म्हणून बोललो नाही, आणि खरं सांगायचं तर नांदेडला जावं लागू नये म्हणूनही. दोन्ही कारणं होती.

आनंदराजला सांग, मी तयार आहे. त्याला उशीर झाला हे इतकी वर्षं त्याच्या मनात आहे, मला माहीत नव्हतं. त्यानं मला कधी सांगितलं नाही, मी त्याला काही सांगितलं नाही. विहाराची चावी शेषेरावाकडे देईन. तो हिंदू असला तरी कुणाची हरकत नाही, त्याला लवकर उठवणार कोण एवढाच प्रश्न आहे.

काठी घेऊन येतो. तुझी वस्तू तुला परत.

आबा

•

नांदेड
१८ मार्च

ती. आबांस सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी कॉलेजच्या जिन्यात बसून वाचलं. आधी मला माझीच लाज वाटली. ज्या गावात बाटलीवर पेला उपडा घालून माणसं झोपतात, त्या गावात मी थरथरणारी वस्तू पाठवली, आणि वर तुम्ही घाबरून उभे राहिलात त्याला आज्ञाधारकपणा म्हणून हसले. मला माफ करा.

तो आलेख पुन्हा फळ्यावर काढून तो चुकीचा आहे हे मी वर्गाला सांगितलं, कारणासकट. उज्वला मॅडमचं माहेर उमरग्याकडचं, त्याच भूकंपाच्या पट्ट्यातलं आहे. त्यांनी फळा पुसला आणि म्हणाल्या, "मूठ उघड."

कॉलेजात नमुन्याला अशीच दुसरी काठी ठेवली होती, तिच्यातली थरथरणारी मोटर काढून टाकली. शिट्टी चालणार नाही, कारण कान. दिवा चालणार नाही, कारण चालताना मुठीकडे कोण बघतं? दोन दिवस आम्ही तिघी डोकं धरून बसलो. मग माझ्या लक्षात आलं की तुम्हाला हाक मारायची रीत आपल्या घरात कधीचीच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी किल्लारीला यायचे तेव्हा आजीनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "आबाला बोलवायचं तर वरडू नगं. तळहातावर दोन बार बोट टेकव." मी मोठी झाले आणि वहीवर लिहून दाखवायला लागले, ते राहूनच गेलं.

आता मुठीत, तुमच्या तळव्याखाली येईल असा, बोराच्या बीएवढा एक गोळा आहे. तोल चुकला की तो आतून वर येतो आणि तळहातावर हलकेच टेकतो. दोनदा. पुन्हा गप. थरथर अजिबात नाही. किती जोरानं टेकावं ते ठरवायला मी डोळे मिटून आजीचं बोट आठवत बसले होते. तिच्या बोटाला विळीचा घट्टा होता ना? तेवढं मला काही करता आलं नाही.

परीक्षा आहे म्हणून मी येऊ शकत नाही. पप्पांच्या हाती काठी देते आहे. ते म्हणाले, "काठी नेतो. पण बॅगही नेतो." त्यांनी माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसून ठेवली आहे. आबा, मी तुम्हाला राहा म्हणत नाही, या म्हणत नाही. एकदा फक्त काठी टेकवून चालून बघा. नाही सोसली तर या वेळी त्याच दिवशी सांगा.

एक विचारायचं राहिलं. आजी दोनदाच का बोट टेकवायची? एकदा का नाही? तिला मी कधी विचारलंच नाही.

तुमची,
समीक्षा

•

किल्लारी
८ एप्रिल

चि. समीक्षास जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

हे उजव्या हातानं लिहितोय. प्लास्टर निघालं. अक्षर अजून जरा हलतं, पण पेन तेच आहे.

आनंदराज रविवारी दुपारच्या बसनं आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ती बॅग. बॅग रिकामी असूनही त्याला जड झालेली दिसत होती. चतुराबाईनं त्याला जेवू घातलं आणि बॅगेकडे एकदाही बघितलं नाही. शेषेराव तर घरातून बाहेरच आला नाही. चावी त्याच्या हवाली करायला गेलो तर म्हणाला, "तिथंच खुंटीला ठेव, मला हात लावायचा न्हाई." मी चावी परत करगोट्याला बांधली.

सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे विहाराकडे निघालो. म्हटलं, शेवटचं कुलूप आपणच काढावं. नवी काठी घेतली. तिच्या मुठीला लुगड्याचा तुकडा गुंडाळला नाही. आनंदराज दहा पावलं मागून येत होता, मला कळू नये म्हणून चपला न वाजवता पाऊल टाकत होता, ते वळणावर मला दिसलं. बहिऱ्या बापासमोर चपला वाजू नयेत म्हणून जपणारा मुलगा मी पहिल्यांदाच पाहिला.

पाण्याच्या टाकीजवळ उतार आहे. तिथं खडी पसरली आहे. उजवा पाय सरकला. आणि तळहातावर टेकलं. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा.

मी थांबलो. पाय स्थिर केले. आणि न ठरवता माझ्या अंगठ्यानं मुठीवर दोनदा दाबलं, आणि मी रस्त्यात मोठ्यानं म्हणालो, "हाय मी." मग उतारालगतच्या कट्ट्यावर जाऊन बसलो.

आनंदराज धावत आला. समोर येऊन विचारलं, "बाबा, कुणाशी बोललात?"

तेव्हा मी त्याला सांगितलं. तुला विचारायचं राहिलं होतं, मला सांगायचं राहिलं होतं. एकतीस वर्षं मी कुणाला सांगितलं नाही.

भिंत पडली तेव्हा तुझी आजी आणि मी एकाच खोलीत होतो. माझ्या डोक्यावर तुळई आली. अंधार, तोंडात माती, आणि कानांत नुसती एक शिटी. ती शिटी थांबली तेव्हा कान संपले होते. तुझी आजी माझ्यापासून हातभर लांब होती. ती हाका मारत असणार, मला ऐकू येत नव्हतं. मग चाचपडत तिचा हात माझ्या हातापर्यंत आला आणि तिनं माझ्या तळहातावर दोनदा बोट टेकवलं. मी दोनदा तिचं बोट दाबलं. ती पुन्हा टेकवायची, मी पुन्हा दाबायचो. मला झोप यायला लागली की ती टेकवायची. एवढंच करत होतो आम्ही, दुपारी माणसं पोचेपर्यंत. बाहेर निघाल्यावर आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही, पण ती रीत राहिली. जेवायला बोलवायचं, दोनदा. पोस्टात जायची वेळ झाली, दोनदा. शेवटच्या दिवशी दवाखान्यातही तिनं टेकवलं होतं. त्यानंतर तीन वर्षं माझ्या तळहाताला कुणी हाक मारली नाही.

आनंदराज खाली खडीवरच बसला. पन्नाशीचा माणूस, ऑफिसात हाताखाली सात जण आहेत. मी त्याचा हात ओढून घेतला आणि त्याच्या तळहातावर दोनदा बोट टेकवलं. त्यानं माझं बोट धरलं आणि दोनदा दाबलं. मग सोडेचना. अभ्यासाच्या पोरी विहाराच्या दारात उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या, त्यांना वाटलं दोघंही पडलो.

कुलूप त्यानं काढलं. झाडलं मी. संध्याकाळी त्यानं विहाराच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवायला गावातल्या मिस्त्रीला सांगितलं आणि रिकामी बॅग घेऊन तो बसमध्ये बसला. जयंतीला तुम्ही सगळे येणार आहात म्हणाला. बस हलताना त्यानं खिडकीच्या काचेवर दोनदा बोट मारलं. शेषेराव मला म्हणाला, "काय झालं रं, हा पोरगा रडत कामून गेला?" मी म्हणालो, तुला चावी मिळाली नाही म्हणून.

एक काम आहे. काठी बोलवते तेव्हा मी मुठीवर दोनदा दाबतो. ते तुझ्या मोबाईलवर दिसतं का? दिसत नसेल तर तशी सोय कर. म्हातारा आहे, एवढं तुम्हाला कळत जाईल.

आणि तू विचारलंस, दोनदाच का. एकदा टेकलं तर वाटायचं, कुठूनतरी दगड घरंगळला. दोनदा टेकलं की कळायचं, माणूस आहे.

तुझा,
आबा